कपडा रंगवणं, छापणं आणि फिनिशिंग : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी, बचत गटात किंवा मागच्या पडवीत कापड रंगवणारे आणि छापणारे लोक जे प्रश्न सारखे विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. गिरणीतल्या मोठ्या यंत्रांबद्दल इथे फार सापडणार नाही. बादली, पातेलं, लांब टेबल आणि चार महिन्यांचा पाऊस एवढ्यात काय जमतं, ते सांगितलं आहे. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी.

नव्या कपड्याचा रंग जातो. मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवला की पक्का होतो ना?

नाही. हा सल्ला आजीपासून मोबाइलवरच्या व्हिडिओपर्यंत सगळे देतात, म्हणून थोडं सविस्तर.

मिठाचं काम रंग चढवताना असतं. पाण्यात विरघळलेल्या रंगाला ते सुताकडे ढकलतं. चढून झालेल्या रंगाला ते बांधून ठेवत नाही. खारट पाण्यात कपडा टाकला की रंग कमी सुटतो, पाणी स्वच्छ दिसतं, आपल्याला वाटतं काम झालं. पुढच्या साध्या धुण्यात तो परत सुटतो. व्हिनेगरचा उपयोग रेशीम आणि लोकरीवरच्या आम्ल रंगांना. सुती कपड्यावर व्हिनेगर म्हणजे नुसता वास.

आजचे बहुतेक सुती कपडे रिॲक्टिव्ह रंगांत रंगवलेले असतात. हे रंग १९५६ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने बाजारात आणले आणि सुती रंगाईचं चित्रच बदललं, कारण हा रंग धाग्याशी रासायनिक बंध करतो. पण रंगाईच्या भांड्यात धागा असतो तसं पाणीही असतं. काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच बंध करून बसतो. हा फुकट गेलेला रंग धाग्याला नुसता चिकटून राहतो. तो उकळत्या साबणाच्या पाण्यात धुऊन काढायचा असतो आणि त्याला पाणी, सरपण, वेळ लागतो. स्वस्त मालात नेमका तिथेच हात आखडतात. अंजुणाच्या बुधवारच्या बाजारातला टाय-डाय शर्ट असो की मॉलमधला कुर्ता, धुवायचं राहिलं असेल तर ते काम तुमच्या बादलीत होतं.

म्हणून उपाय धुण्याचाच. कपडा एकटा, चांगल्या गरम पाण्यात, साबण घालून, पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. कापड आटणार हे धरून चला. पाच-सहा गरम धुण्यांनंतरही तेवढाच गडद रंग येत असेल तर तो बहुधा डायरेक्ट जातीचा, म्हणजे धाग्याशी पक्का बंध न करणारा रंग आहे. त्याला रंगाच्या दुकानात मिळणारं डाय फिक्सर थोडा आधार देतं, पण छटा किंचित बदलते आणि उन्हात टिकण्याची ताकद कमी होऊ शकते. तेही नको असेल तर तो कपडा कायम वेगळा धुवायचा, दुसरं काही नाही.

घरी एक सुती साडी रंगवायची आहे. नेमकं प्रमाण सांगा.

सगळं गणित कोरड्या कापडाच्या वजनावर चालतं. वजन न करता चमच्याने रंग टाकणाऱ्याला तीच छटा पुन्हा कधी मिळत नाही.

साडी ५०० ग्रॅम धरू. पाणी वजनाच्या २० पट, म्हणजे १० लिटर. मध्यम छटेला २ टक्के रंग, म्हणजे १० ग्रॅम. गडदला ४ टक्के. काळ्याला ६ ते ८ टक्के लागतो, आणि काळ्यातच बहुतेकांची फसगत होते. मीठ लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो. धुण्याचा सोडा (सोडा ॲश, खायचा नव्हे) लिटरला २० ग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅम.

रंग रिॲक्टिव्हमधल्या कोल्ड ब्रँड जातीचा घ्या, तो ३० ते ४० डिग्रीला लागतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये नळाचं पाणी जवळपास तेवढंच असतं, चूल पेटवायची गरज नाही. आधी साडी सोडा आणि साबणात उकळून खळ व तेलकटपणा काढून टाका. ही पायरी गाळली तर पुढचं काहीही दुरुस्त होत नाही. ठिपके आणि पांढुरके पट्टे येतातच. ओली साडी रंगाच्या पाण्यात बुडवा. मीठ दोन-तीन हप्त्यांत घाला, अर्धा तास हलवत राहा. मग साडी बाजूला उचला, धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून ओता, पुन्हा बुडवा, पाऊण ते एक तास ठेवा. सोडा थेट कापडावर पडला तर तिथे गडद डाग उमटतो. मग गार पाणी, कोमट पाणी, साबणाचं उकळतं पाणी दहा-पंधरा मिनिटं, पुन्हा गार.

रिॲक्टिव्ह रंगाची पूड नाकात जाऊ देऊ नका. ती श्वासाची ॲलर्जी लावू शकते आणि एकदा लागली की आयुष्यभर पाठ सोडत नाही. डबा उघडताना पंखा बंद, तोंडाला मास्क, हातात मोजे. रंगाचं पातेलं स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

नळाचं पाणी चालेल की विहिरीचं?

गोव्यात अर्धी रंगाई इथेच ठरते, आणि प्रत्येक वाड्याचं उत्तर वेगळं.

ओपा, साळावली, अस्नोडा इथल्या प्रकल्पांतून येणारं पाणी बऱ्यापैकी मऊ असतं, पण त्यात क्लोरीन असतो. फिक्या रिॲक्टिव्ह छटांना क्लोरीन मारक. पिंपात भरून रात्रभर उघडं ठेवा, किंवा बादलीला चिमूटभर हायपो टाका. हायपो म्हणजे फोटो धुण्यासाठी वापरायचे तेच.

डिचोली, सत्तरी, सांगे या खाणीच्या पट्ट्यात आणि एकूणच जांभ्या दगडातल्या विहिरींत लोह उतरलेलं असू शकतं. ओळखायची सोपी युक्ती: पेलाभर पाण्यात कडक कोऱ्या चहाचे चार चमचे घाला. पाणी शाईसारखं करडं झालं तर लोह आहे. असल्या पाण्यात मंजिष्ठाचा लाल विटकरी-तपकिरी होतो आणि हळदी पिवळा शेवाळी. पाणी एका पिंपातून दुसऱ्या पिंपात उंचावरून ओता, हवा खाऊ द्या, रात्रभर निवळू द्या, तळ न ढवळता वरचं घ्या. लाल गाळ खाली बसतो.

खाडीकाठच्या, खाजन शेतांजवळच्या विहिरी मार्चनंतर खारट होतात. मिठाचे पैसे वाचले असं वाटेल, पण त्या खारटपणाबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतं. साबण फाटतो, रंगाची साय धरते, शेवटची धुलाई नीट होत नाही. तिथे कॅलगॉन (पाणी मऊ करणारी पूड) घाला किंवा पाणी दुसरीकडून आणा.

सगळ्यात उत्तम पाणी कौलांवरून फुकट येतं. पहिल्या दोन-चार सरी छप्पर धुऊन जाऊ द्या, नंतरचं साठवा. त्या पाण्यात साबणाचा फेस बघितलात की फरक कळेल.

मग पावसाळ्यात काम करायचं की बंद ठेवायचं?

पाणी सगळ्यात चांगलं आणि हवा सगळ्यात वाईट, असा तो काळ. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बुडवून रंगवायची कामं या दिवसांत खुशाल करा. छपाई मात्र जपून.

ऑगस्टमध्ये ठशाने छापायला बसलात की पहिला रंग वाळतच नाही. बोटाला कोरडा लागतो, पण दुसरा ठसा वर मुठीने ठोकला की पहिल्याची कड त्याला चिकटून उचलली जाते आणि फुलाच्या पाकळीला मिशी फुटते. तीन रंगांचं काम असेल तर एक रंग एका दिवशी, टेबलाखाली दोन पिवळे बल्ब किंवा हीटर, आणि कापड पंख्याच्या वाऱ्यात टांगलेलं. चवथीच्या ऑर्डरी मे महिन्यात छापून ठेवणारे शहाणे.

या दिवसांतली खरी धोक्याची गोष्ट हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. निळीला आणि तिच्यासारख्या व्हॅट रंगांना लागणारी ही पांढरी पूड दमट हवा किंवा थोडं पाणी लागलं तर आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. डबा घट्ट, कोरड्या चमच्याने काढायची, जमिनीवर ठेवायची नाही. पत्र्याच्या गळक्या शेडमध्ये तर अजिबात नाही.

कापड सुती आहे की मिश्र, कसं ओळखायचं?

काठाचे चार धागे काढून जाळा. सुती असेल तर कागदासारखा वास मारत जळतं आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुकानदार समोर काडी लावू देत नाही, तेव्हा सुटं सूत मागून घरी आणा.

फुटबॉल टीमच्या जर्सी छापायच्या आहेत. स्क्रीन प्रिंट की सब्लिमेशन?

जर्सी पॉलिएस्टरची असते, तेव्हा सब्लिमेशन. डिस्पर्स (पॉलिएस्टरला लागणाऱ्या) शाईने कागदावर छापून हीट प्रेसमध्ये साधारण २०० डिग्रीला मिनिटभराच्या आत दाबतात. रंगाची वाफ होऊन ती थेट धाग्यात शिरते. हाताला छपाई जाणवत नाही, घाम आत अडत नाही, आणि रंग निघत नाही. अट एकच: कापड पांढरं किंवा फिकं हवं. पांढरी शाई या पद्धतीत नाही, गडद जर्सीवर काही उठत नाही.

सुती टी-शर्टवर सब्लिमेशन करून देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, दोन धुण्यांत चित्र भुतासारखं होतं. सुतीवर थोड्या नगांना डीटीएफ (फिल्मवर छापून गरम दाबाने कापडावर उतरवणं), शंभराच्या पुढे स्क्रीन. प्लास्टिसॉल (प्लास्टिकच्या) शाईची छपाई जाड, रबरी. मेच्या उकाड्यात छातीवर चिकटते. पाण्याच्या शाईची मऊ असते, पण तिला जास्त कौशल्य लागतं.

पॉलिएस्टर घरी बुडवून रंगवता येतं का, असंही विचारतात. नीट नाही. त्याला दाबाखाली १३० डिग्री लागते. आणि कृपया घरच्या प्रेशर कुकरवर प्रयोग करू नका.

आपल्या परिसरात मिळणाऱ्या कोणत्या गोष्टींपासून नैसर्गिक रंग होतात?

भरपूर, पण टिकणारे थोडे. आधी न टिकणारे सांगतो. हळद: चढते झटकन, साबण लागला की लाल होते, उन्हात उडते. भिरंडाचा म्हणजे कोकमाचा लाल: पेल्यात सुंदर, कापडावर साबणाच्या पहिल्या धुण्यात करडा-जांभळट. बीटही तसंच. कार्यशाळेत मुलांना दाखवायला छान, विकायला नाही.

टिकाऊ पिवळ्याला फणस. झाडाच्या मधल्या पिवळ्या गाभ्याचा भुसा सुताराकडे फुकट मिळतो. म्यानमारकडच्या बौद्ध भिक्षूंच्या चीवरांना पूर्वापार हाच रंग देत. तुरटीवर तो उबदार सोनेरी येतो. दसऱ्यानंतर दारावरची झेंडूची तोरणं फेकू नका. फुलं वाळवून ठेवली तर वर्षभर पिवळा मिळतो, पण फणसापेक्षा लवकर विटतो. कच्ची सुपारी उकळल्याचं लालबुंद पाणी तपकिरी-तांबूस देतं. डाळिंबाच्या साली, हिरडा हेही आहेतच. लालसाठी मंजिष्ठा काष्ठौषधीच्या दुकानातून आणावी लागते.

सुती कापडाला तयारी लागते. उकळून घेतलेलं कापड वजनाच्या १० ते १५ टक्के हिरड्याच्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा. मग तेवढ्याच तुरटीच्या पाण्यातून काढा. मग रंग. हिरड्यातलं टॅनिन सुताला धरतं, तुरटी टॅनिनला आणि रंगाला. तुरटीऐवजी लोखंडाचं पाणी वापरलं (गंजके खिळे आणि गूळ मडक्यात आठवडे कुजवलेले) तर हिरड्यावर काळा-करडा येतो. लोखंड जास्त झालं की कापड काही वर्षांत कुजतं. जुन्या छापील कापडांत काळी रेघच आधी फाटलेली दिसते, ती यामुळे.

‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हे वाक्य लेबलवर लिहू नका. मोरचूद आणि क्रोमही काही लोक ‘नैसर्गिक’ रंगाईत मॉर्डंट (रंग कापडाला धरवणारा पदार्थ) म्हणून वापरतात.

निळीचा हौद हिरवा दिसतो. बिघडला का?

हिरवा-पिवळा म्हणजे तब्येत उत्तम. नीळ पाण्यात विरघळत नाही. क्षारयुक्त पाण्यात तिचा ऑक्सिजन काढून घेतला की ती विरघळते आणि पिवळट-हिरवी होते. वर तांब्यासारखी चकाकणारी साय आणि मध्ये निळा फेस हवा. फेस हळूच बाजूला करा, ओलं कापड बुडबुडे न उठवता कडेने आत सरकवा, पाण्याखालीच बोटांनी घड्या उलगडा. दोन-तीन मिनिटांनी सावकाश बाहेर काढा. कापड पोपटी असतं. हवा लागताच वरच्या कडेपासून निळं होत खाली येतं, घडीच्या आतला भाग हिरवाच राहतो. तो उघडून हवा द्यायची. दहा मिनिटं वाऱ्यावर, मग पुन्हा बुडी. गडद निळा एका लांब बुडीने येत नाही, पाच-सहा छोट्या बुड्यांनी येतो.

हौदच निळा दिसू लागला तर हवा शिरली आहे किंवा हायड्रो संपलं आहे. हायड्रो नको असेल तर नीळ एक भाग, चुना दोन भाग, फळसाखर (फ्रुक्टोज) तीन भाग असा हौद लावा. सावकाश चालतो पण हाताला बरा. निळीचं कापड ओल्या घर्षणाला थोडा रंग सोडणारच, कारण ती धाग्याच्या बाहेरच्या थरावर बसते. जीन्सचा पांढुरका गुडघा त्याचमुळे.

लाल मातीचे आणि काजूच्या बोंडूचे डाग?

मातीचा डाग म्हणजे गंज. ब्लीच लावू नका, तो जात नाही आणि कापड मात्र कमकुवत होतं. लिंबू-मीठ, नाही तर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी (विषारी आहे, मुलांपासून लांब) आणि मग भरपूर पाणी. बोंडूचा डाग टॅनिनचा. पांढऱ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडने फिका होतो. रंगीत कपड्यावर पडला तर तिथे ठसा मारून मोकळं व्हा.

छापलेला रंग पहिल्याच धुण्यात निघाला. बाइंडर खराब होता का?

बहुधा क्युरिंग झालं नाही. पिगमेंट (पाण्यात न विरघळणाऱ्या) रंगाला सुताचं प्रेम नसतं. बाइंडरची पातळ फिल्म त्याला कापडावर धरून ठेवते, आणि ती फिल्म उष्णतेने पक्की होते. १५० डिग्री, तीन ते पाच मिनिटं. इस्त्रीने करायचं तर पूर्ण वाळलेल्या कापडावर, उलट बाजूने, प्रत्येक भागावर तेवढा वेळ. एकदा फिरवून पुढे सरकलं तर काही होत नाही. कोऱ्या, खळ न काढलेल्या कापडावर छापलं असेल तर क्युरिंगही वाचवत नाही, कारण छपाई खळीवर झालेली असते आणि खळ धुण्यात जाते.

विकण्याआधी घरगुती तपासणी: ओला पांढरा रुमाल छपाईवर दहा वेळा घासा. प्रयोगशाळेत रंग किती सुटला ते १ ते ५ च्या करड्या पट्टीवर मोजतात, उन्हाची परीक्षा १ ते ८ वर. रुमालावर ठळक डाग आला तर माल धुवायला परत.

कुणबी साडी खरी हातमागाची आहे की छापील?

उलटून बघा. लाल-पांढऱ्या चौकड्या आधी रंगवलेल्या सुताने विणल्या जातात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. एक धागा उसवला तर तो पूर्ण लांबीत लाल किंवा पूर्ण पांढरा निघतो. छापील साडीत उलट बाजू फिकी असते आणि एकाच धाग्यावर लाल-पांढरे तुकडे दिसतात. यंत्रमागाची चौकडा साडी मात्र या परीक्षेत पास होते, तिथे काठ आणि विणीतला किंचित असमानपणा पाहावा लागतो. गोव्यातल्या कुणबी-गावडा या आदिवासी समाजातल्या बायका खांद्यावर गाठ मारून नेसत ती ही साडी मागे पडत चालली होती. २०१० च्या सुमारास गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती फॅशनच्या मंचावर नेली आणि मागणी परत आली. मागणीबरोबर नकलाही आल्या.

खळ कोणती घालावी?

पेजेची निवळ. कपड्याला येणारा करकरीतपणा विकतच्या स्प्रेला येत नाही. पण जून ते सप्टेंबर खळ घालूच नका. दमट हवेत स्टार्चवर बुरशी धरते आणि तिचे काळे ठिपके कापड जाईपर्यंत राहतात.

दुकानात ‘मर्सराइज्ड’, ‘सॅनफोराइज्ड’, ‘रिंकल फ्री’ म्हणतात ते काय?

मर्सराइज्ड म्हणजे सुती कापड किंवा सूत ताणून धरून तीव्र कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढलेलं. इंग्लंडमधल्या जॉन मर्सरला हा परिणाम १८४४ मध्ये दिसला. ताणून धरल्याने चकाकी येते हे १८९० च्या सुमारास हॉरेस लो याने दाखवलं. असं सूत रंगही जास्त पितं, म्हणून रंगवायला घेताना हेच मागा, जास्तीचे पैसे रंगात वसूल होतात. सॅनफोराइज्ड म्हणजे यंत्राने आधीच आटवून घेतलेलं. रिंकल फ्रीला रेझिनचं फिनिश असतं. त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं, कापड थोडं कमजोर होतं आणि रंग धरत नाही. रंगवायच्या कामाला ते घेऊ नका. लहान मुलाला घेतलंच तर आधी धुऊन.

अ‍ॅझो-फ्री म्हणजे काय?

अ‍ॅझो ही रंगांची एक मोठी रासायनिक जात. त्यातले काही रंग फुटून कर्करोगकारक अमाइन तयार होतात. भारतात १९९७ मध्ये अशा ७० रंगांवर बंदी आली. सगळे अ‍ॅझो रंग घातक नाहीत. सुट्या पुडीत, नावाशिवाय मिळणारे बादली-रंग मात्र टाळा; काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

उरलेलं रंगाचं पाणी कुठे ओतायचं?

विहिरीजवळ, शेतात, वहाळात नाही. आम्ल घालून सोड्याचा जोर मारा, गाळ बसू द्या, आणि मुळात कमी उरवा: फिकट छटेची दुसरी साडी त्याच पाण्यात काढता येत नाही (सोडा घातलेला रिॲक्टिव्ह रंग मेलेला असतो), पण शेवटच्या धुण्याचं स्वच्छ पाणी पुढच्या कापडाच्या पहिल्या धुण्याला चालतं. धंदा म्हणून करायचं तर गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आधी घ्या. शेजारच्याच्या विहिरीला रंग आला की परवानगीपेक्षा भांडण महाग पडतं.

गोव्यात छपाईची जुनी परंपरा आहे का?

राजस्थानातल्या बगरू किंवा आंध्रातल्या मछलीपट्टणमसारखी नाही, आणि ओढूनताणून ती दाखवूही नये. गोवा बंदर होतं. सोळाव्या शतकापासून गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचं छापील-रंगीत सुती कापड इथून पोर्तुगीज गलबतांनी लिस्बनला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला गेलं. बनवणारे दुसरीकडचे, माल चढवणारे आपण.

विटलेली काळी पँट पुन्हा काळी होईल का?

सुती असेल तर होईल, ८ टक्के रंगात, खळ-सॉफ्टनर उकळून काढल्यावर. शिवण पॉलिएस्टर दोऱ्याची असते, ती जुन्याच रंगाची राहते. लायक्रा मिसळलेली असेल तर उकळू नका, ६० डिग्रीच्या पाण्यात जास्त वेळा धुवा. आणि काळा रंग घेताना दुकानदाराला एक चमचा पाण्यात टाकून टिश्यूवर थेंब सोडायला सांगा: कडेला लाल किंवा हिरवी झालर कोणती पसरते त्यावरून पँट कुठल्या अंगाने विटणार ते आधीच कळतं.